सेवाक्षेत्राचे आकडे मागाहून का बदलतात?

२०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या विकासदराचा पहिला आगाऊ अंदाज जानेवारी २०२४ मध्ये ७.३ टक्के असा प्रसिद्ध झाला आणि तोच दर २०२५ च्या फेब्रुवारीत ९.२ टक्के ठरला. असे घडले की आधीचा आकडा खोटा होता किंवा नंतरचा सोयीने फुगविला, असा ग्रह सहज होतो. परंतु २०१९-२० चा दर ५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर उतरला होता, हेही सरकारी दप्तरी नमूद आहे. फार काय, महालनोबिस, धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या राष्ट्रीय उत्पन्न समितीनेही १९४८-४९ चे उत्पन्न १९५१ च्या पहिल्या अहवालात ८,७१० कोटी रुपये धरले व १९५४ च्या अखेरच्या अहवालात ते ८,६५० कोटींवर आणले. त्या त्रयीच्या सचोटीविषयी कोणी संशय घेणार नाही.

पहिला आकडा म्हणजे मोजदाद, ही समजूतच मुळात चुकीची. वर्ष सरण्यास जवळजवळ तीन महिने अवकाश असताना तो काढावा लागतो. कारखान्यांच्या उत्पादनाचा निर्देशांक दरमहा मिळतो. सेवेची मात्र कोठे रास पडत नाही, म्हणून मालमोटारींचा खप, रेल्वेची प्रवासी वाहतूक, बंदरांतील माल, बँकांच्या ठेवी व कर्जे, कराचा भरणा अशा खुणांवरून मागील वर्षाचा आकडा पुढे नेला जातो.

संगणकामुळे सर्व व्यवहार तत्क्षणी कळतात, हाही असाच भ्रम. कंपन्यांचे वर्ष ३१ मार्चला संपले तरी वार्षिक सभेस सर्वसाधारणपणे ३० सप्टेंबरपर्यंत मुदत असते आणि ताळेबंद त्यानंतर दाखल होतो.

पण सर्वांत बिकट हिशेब लहान माणसांचा. पुण्याच्या एखाद्या पेठेत दहाबारा विद्यार्थ्यांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या बाई घ्या: वाण्याची उधारी वहीच्या मागल्या पानावर, मेंबरांचे खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरावर, आणि महिन्याचे पैसे खाडे वजा जाता हातात. त्यांच्या कष्टाची किंमत कोणत्याच विवरणपत्रात उमटत नाही. ती नमुना पाहणीवरून, दर माणशी उत्पन्नास माणसांच्या संख्येने गुणून काढतात. २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या मालिकेत अशा लहान उद्योगांचा पाया २०१०-११ च्या पाहणीचा होता, आणि २०२० च्या टाळेबंदीत चूल थंड पडलेल्या खानावळीचा अंदाज जर तगून राहिलेल्या मोठ्या उपाहारगृहांवरून बांधला, तर तो चुकणारच. माझ्या मते शंका घ्यावी ती या जुनाट पायाविषयी. असंघटित उद्योगांची पाहणी २०२१-२२ पासून दरवर्षी होऊ लागली आहे. पाच-पाच वर्षांनी फिरणारा गणक आता त्या कॅलेंडरावरील खाडे अधिक वेळा पाहील.