नाशकातील रिकामी दुपार

हाती पैसा पुष्कळ आणि वेळ मात्र मुळीच नाही, ही स्थिती शहरवासीयांच्या चांगल्या परिचयाची आहे. याच्या नेमकी उलट स्थिती, म्हणजे हाती चार तास आणि खिशात शंभराची एकच नोट, ज्यांच्या वाट्यास वारंवार येते ते बहुधा शहरात राहणारे नसतात. कामानिमित्त शहरात आलेले असतात. नाशिकच्या पश्चिमेस, त्र्यंबकेश्वराच्याही पलीकडे, डोंगराळ मुलखात हरसूल हे गाव आहे. भोवताली कोकणा, महादेव कोळी, वारली यांची वस्ती, पाऊस उदंड, शेती भाताची आणि नागलीची. आदिवासी विकास आयुक्तालय, जिल्हा रुग्णालय, जिल्हाधिकारी कचेरी व जिल्हा न्यायालय ही सारी नाशकात. तेव्हा एखादा कागद दाखल करावयाचा असो, की रुग्णालयातील नातलगास पाहावयाचे असो, हरसूलचा मनुष्य सकाळच्या गाडीने निघतो. काम कधी दिवसभर पुरते. कधी कागदाची पोच हाती पडून ते बाराच्या सुमारासच आटोपते. परतीची गाडी सायंकाळची. मधली दुपार त्याची एकट्याची.

ही दुपार बहुतेक जण बस स्थानकाच्या बाकावर काढतात. त्याचे कारण केवळ पैशाची चणचण हे नव्हे. गावात पारावर कोणीही, कितीही वेळ बसावे, "का बसलास?" असे कोणी विचारीत नाही. शहरात बसावयास जागा लागते आणि जागेला भाडे पडते. उपाहारगृहातील चहा हा पुष्कळदा चहा नसतोच. ते अर्ध्या तासाच्या खुर्चीचे भाडे असते. ते दिल्यावाचून जेथे बसता येईल अशा जागा नाशकात आहेत, आणि त्या थोड्या नाहीत. परंतु त्यांच्या दारावर "आत यावे" अशी पाटी नसते, आणि अनोळखी उंबरठ्यावर संकोच पायात अडकतो.

एकट्याने दुपार काढावयाची तर पहिले काम चौकशीच्या खिडकीशी. परतीची गाडी केव्हा, तिच्यामागून आणखी एखादी आहे की तीच शेवटची, हे विचारून घ्यावे आणि भाड्याचे पैसे निराळ्या खिशात घालून त्यांना मग हात लावू नये. या बाबतीत अलीकडे काही दिलासा मिळाला आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी.चा प्रवास विनामूल्य झाला, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट पडू लागले. घरातून कचेरीच्या कामासाठी कोणी जावयाचे, याचा निर्णय काही कुटुंबांत या अर्ध्या तिकिटाने फिरविला असल्यास नवल नाही.

भाकरी घरून आणलेली असेल तर प्रश्न एवढाच, की ती खावयाची कोठे. जुन्या मध्यवर्ती स्थानकापासून त्र्यंबक रस्त्याने थोडे चालले की विस्तीर्ण मैदान लागते. पुष्कळ लोक त्याला अजूनही गोल्फ क्लब म्हणतात. त्याचे नाव मात्र हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा हा तरुण तेव्हा अठरा वर्षांचाही नव्हता. कडेच्या झाडाखाली फडके सोडून बसावे. येथे कोणी हटकीत नाही. पाण्याची बाटली मात्र स्थानकावरच भरून घ्यावी. विकतचे पाणी हा गरिबाच्या दुपारीतला सर्वांत चोरटा खर्च आहे.

ऊन टळेपर्यंतचा वेळ ग्रंथालयाचा. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झाले. मुंबई विद्यापीठाचा जन्म १८५७ चा, यावरून या संस्थेचे वय ध्यानात यावे. शालिमारवरून पायीच जाण्याजोगे अंतर आहे. पुस्तक घरी न्यावयाचे तर सभासद व्हावे लागते. वर्तमानपत्र चाळावयाचे तर ते टेबलावर पसरलेलेच असते. हरसूलकडचा मनुष्य दाराशी घुटमळतो. आतून एखादा विचारतो, "काय मामा, कोणाला शोधता?" या प्रश्नात बहुधा कुत्सितपणा नसतो, पण घुटमळणाऱ्याला तो "तुमचे येथे काय काम?" असाच ऐकू येतो. "पेपर वाचायचा आहे" एवढे उत्तर पुरते. ते देण्याचे धैर्य पहिल्या खेपेस होत नाही, दुसऱ्या खेपेस होते.

स्त्रीची गोष्ट निराळी आहे. पुरुष घाटाच्या पायरीवर दोन तास डोळे मिटून पडला तरी तो थकला आहे असे लोक समजतात. बाई तेथे अर्धा तास एकटी बसली तर चार जण चौकशी करतात आणि पाचवा नुसताच पाहत राहतो. शिवाय स्वच्छतागृह कोठे आहे हे ठाऊक असल्याखेरीज ती पाण्याचा घोटही पुरता घेत नाही. म्हणून तिची दुपार वाचनालय, देवळाचा सभामंडप आणि बस स्थानक या तीन ठिकाणांतच फिरते. यात तिच्या आवडीनिवडीचा संबंध नाही. शहराने तिला दिलेला नकाशाच लहान आहे.

चारच्या सुमारास जुन्या गावात शिरावे. मेन रोड, सराफ बाजार, पेशवेकालीन सरकारवाडा, तांबट आळी. भांड्यावर पडणारा हातोडीचा ठोका कानी आला तर उभे राहून पाहावे. पाहण्याला पैसे पडत नाहीत आणि कारागिरालाही त्याचे वावडे नसते. तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनि चौक या भागांत चालताना पायाखाली पेशवेकालीन रहाडी असतात. हे दगडी हौद रंगपंचमीला उघडतात. एरवी ते झाकलेले असतात आणि त्यांवरून रहदारी चालते. नाशिकच्या कित्येक पाहुण्यांना याचा पत्ताही नसतो.

तेथून उतार गोदावरीकडे नेतो. हरसूलच्या माणसाला या नदीचे एक नवल वाटावयास हवे. ती त्याच्या वाटेवरच्या त्र्यंबकेश्वरी, ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि सुमारे १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. त्याच्या स्वतःच्या शिवारातले पावसाचे पाणी मात्र घाटाच्या पश्चिम अंगाचे. ते दमणगंगेच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला जाते. सकाळी गाडीत बसून त्याने एक मोठा पाणलोट ओलांडलेला असतो. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. पुराचे पाणी त्याच्या पायाशी आले, कमरेला लागले, की गळ्यापर्यंत चढले, यावरून नाशिककर पुराचा अदमास करतात. मोजणीची यंत्रे आली तरी ही भाषा सुटलेली नाही. शेजारीच नारोशंकराचे देऊळ १७४७ चे आहे. त्याची घंटा १७३९ मधील वसईच्या विजयाची खूण म्हणून सांगतात, आणि पाणी त्या घंटेला लागले म्हणजे महापूर, अशीही समजूत आहे.

पंचवटीतील काळाराम मंदिर पाहावे ते केवळ काळ्या दगडाच्या कामासाठी नव्हे. आज त्या दारातून विनामूल्य आत जाता येते, कोणीही जावे. २ मार्च १९३० रोजी याच दारांसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, आणि भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनी तो पुढे चालविला. सत्याग्रह सुमारे पाच वर्षे टिकला. तेवढ्या काळात दारे उघडली नाहीत. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला. शुल्क नाही म्हणून दार सर्वांना मोकळे असते असे नाही, हे या उंबरठ्याशी जितके स्पष्ट कळते तितके नाशकात अन्यत्र कळत नाही.

पांडवलेणी मात्र या दुपारीत बसत नाहीत. ती मुंबईच्या रस्त्यावर, गावाबाहेर. जाण्यायेण्याचे भाडे, आत शिरण्याचे तिकीट, वर उन्हातली चढण. तरी काटकसरीने राहणाऱ्याने एकदा पुरता दिवस काढून तेथे जावे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने एका लेण्यात चक्क जमाखर्च कोरून ठेविला आहे. तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींत ठेवी म्हणून गुंतविले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व हजारांवर पाऊण दराने व्याज. मुद्दलाला हात लावावयाचा नाही. व्याजातून तेथे वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे. परतीचे भाडे निराळ्या खिशात ठेवणाऱ्याला हा हिशेब परका वाटणार नाही.

पंचवटीतून स्थानक पायी अर्ध्या तासाचे. वाटेत रविवार कारंजाशी एक चहा घेता येतो. दिवसभरात खुर्चीचे भाडे कोठे दिलेले नसल्याने तो खराखुरा चहा असतो. घरी मुलांसाठी पावशेर चिवडा बांधून घ्यावा, कारण नाशकाहून रिकाम्या हाताने आलेल्याचे उंबरठ्यावर फारसे स्वागत होत नाही. गाडी फलाटावर लागली की आधी पाटी वाचावी, मग चढावे. त्र्यंबकेश्वरापर्यंतची गर्दी उभ्याने येते आणि तेथे उतरते. पुढे खिडकीजवळची जागा मिळते आणि अंधार पडलेला असतो.