बोरांवरची काच

संक्रांतीला नात सोनईला आली ती "आजोबा, तांगहुलू करू या," असं म्हणतच. बीजिंगमध्ये थंडीत काडीला टोचून विकतात म्हणे, आंबट शानझा फळांवर साखरेची काच! आम्ही आपली बोरं घेतली.

मुळा कारखान्याचं गाव आमचं, पाकाचं ते काय कौतुक! दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. पण बँकेत जन्मभर दुसऱ्यांच्या हिशेबात ढवळाढवळ केलेली. त्याच सवयीनं पाकही ढवळला. झाला पांढरा रवा!

"अहो, पाडव्याच्या गाठ्या नाहीत करायच्या," हिनं सुनावलं. खरंच. गाठीत साखरेची कणी परतायला हवी, इथे ती मुळीच नको.

पुढच्या खेपेला चमचा हिच्या ताब्यात. गोळीबंदच्याही पुढे, दीडशे अंशांपर्यंत. गार पाण्यात टाकलेला थेंब कट्कन मोडला पाहिजे. बोरं अगदी कोरडी पुसलेली. असा पाक कातडीला चिकटून भाजतो, म्हणून नातीला ओट्यापासून लांब ठेवलं.

पहिली काडी तिनं आजीलाच दिली. मधुमेहामुळे गेली अकरा वर्षं साखरेच्या गावात राहून ही बिनसाखरेचा चहा पिते. एकच बोर काढलं, कडकन चावलं आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.