चेहरा तेलकट आहे, मग मॉइश्चरायझर कशाला? घेण्याआधी डबीवर हे वाचा

सकाळी चेहरा धुतला आणि अकरा वाजेपर्यंत नाक, कपाळ पुन्हा चमकायला लागलं. अशात कुणी मॉइश्चरायझर लाव म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, 'आधीच एवढं तेल, त्यात आणखी भर कशाला?'

इथेच गल्लत होते. तेल आणि ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्वचेतल्या ग्रंथी सीबम नावाचं तेल तयार करतात. ओलावा म्हणजे त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातलं पाणी. त्यामुळे चेहरा तेलकट असूनही धुतल्यावर ताणल्यासारखा वाटू शकतो. त्यात आपण दिवसातून चार-पाच वेळा साबण लावतो. साध्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. परिणामी त्वचा आणखी कोरडी पडते आणि चुरचुरते.

पिंपल्सची औषधं सुरू असतील तर?

मग मॉइश्चरायझर जास्तच गरजेचं. बेन्झॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापलीन यांसारख्या औषधांनी सुरुवातीला त्वचा सोलवटते. फरक दिसायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात, पण अनेकजण जळजळीला कंटाळून आधीच औषध सोडतात. हलकं मॉइश्चरायझर हा त्रास कमी करतं.

डबीवर काय बघायचं?

• जेल, जेल-क्रीम किंवा पातळ लोशन घ्या. घट्ट क्रीम टाळा.

• ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक अ‍ॅसिड पाणी धरून ठेवतात. डायमेथिकोन हे सिलिकॉन आहे, ते तेलकटपणा न वाढवता ओलावा टिकवतं.

• नारळ तेल, कोको बटर, आयसोप्रोपिल मायरिस्टेट ही नावं यादीत वर असतील तर डबी खाली ठेवा. भारतातल्या नियमांनुसार १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे जे आधी, ते जास्त.

• 'नॉन-कॉमेडोजेनिक' म्हणजे रोमछिद्रं न बुजवणारं. हे लिहिलेलं असेल तर चांगलंच, पण ती हमी नाही. अशा चाचण्या पूर्वी सशाच्या कानावर व्हायच्या आणि माणसाची त्वचा तशीच वागेल असं नसतं.

लावायचं कसं?

आधी लहान पॅक घ्या. आठवडाभर जबड्याजवळच्या छोट्या भागावर लावून बघा. पुरळ आलं नाही, तर चेहरा धुऊन किंचित ओला असतानाच वाटाण्याएवढं लावा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत दिवसा जेल सनस्क्रीन लावत असाल आणि त्वचा ताणत नसेल, तर वेगळं मॉइश्चरायझर फक्त रात्री लावलं तरी चालतं. विदर्भातला कोरडा उन्हाळा किंवा दिवसभर एसीतलं काम असेल, तर दोन्ही वेळा लावा.

मोठे, दुखणारे फोड येत असतील किंवा डाग राहत असतील, तर क्रीम बदलत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बाकीच्यांनी डबीची किंमत बघण्याआधी ती उलटी करून मागची यादी वाचावी.