मोडलेला कणा आणि पेशीरोपण

सोमेश्वरनगरच्या आसपास ऊसतोडीच्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रक भरणारी माणसे आपण पाहतो. एखादा पाय घसरून पाठीवर आपटला, तर कणा मोडू शकतो आणि आतला मज्जारज्जू दुखावतो. मग मेंदूचा निरोप पायांना पोचत नाही. हाड सांधते, हे तंतू सहसा सांधत नाहीत.

नाकातले वासाचे तंतू मात्र जन्मभर नव्याने उगवतात. त्यांना वाट दाखवणाऱ्या पेशी लंडनच्या जेफ्री रेझमन यांनी अभ्यासल्या. २०१२ साली पोलंडमध्ये एका रुग्णाच्या मज्जारज्जूत त्याच्याच अशा पेशी घातल्या. घोट्यातल्या मज्जातंतूचा पूलही बांधला. पुष्कळ व्यायामानंतर तो आधाराने चालू लागला. परंतु एका रोपावरून पीक ठरवायचे नसते!

मूलपेशींचे असे उपचार मान्य चाचणीतच करावेत, चाचणीत रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. तेव्हा जाहिरात वाचून जमीन विकू नका. आणि पडलेल्या माणसाला हातपाय धरून उचलू नका. मान-पाठ हलू न देता १०८ ची गाडी बोलवा. उरलेले तंतू वाचवणे, एवढे तरी आज आपल्या हातात आहे.