नाकाबंदी ते निकाल

चांदवड-मनमाड रस्त्यावर रात्रीची नाकाबंदी लागते, तेव्हा बॅरिकेडं तिरकी ठेवून वाट अरुंद केलेली असते. गाडी आपसूक मंदावते. शिपाई मागच्या सीटवर टॉर्च मारतो, दुसरा डिकी उघडायला लावतो. हवालदार कागदपत्रं चाळता चाळता विचारतात, “कुठून आलात? माल कुणाचा?” चालकाचं आणि शेजारी बसलेल्याचं उत्तर जुळतंय का, इकडे त्यांचे कान असतात. कांद्याचे ट्रक, वऱ्हाडाच्या गाड्या, देवदर्शनाहून परतणारी कुटुंबं एकामागून एक पुढे सरकतात.

मे २००६ मध्ये याच रस्त्यावर खबर मिळाल्यावरून दहशतवादविरोधी पथकानं (एटीएस) दोन गाड्यांचा पाठलाग केला. टाटा सुमोत ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७ रायफली आणि ३,२०० काडतुसं सापडली. दुसरी गाडी, इंडिका, निसटली. ती झबीउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल चालवत होता, असं तपासयंत्रणेचं म्हणणं. तो पुढे पाकिस्तानात पोहोचला आणि मुंबईवरच्या २६/११च्या हल्लेखोरांना कराचीतून सूचना देणाऱ्यांत होता, असाही त्याच्यावर आरोप आहे. २०१२ मध्ये सौदी अरेबियानं त्याला भारताच्या हवाली केलं. शस्त्रसाठ्याच्या खटल्यात मुंबईच्या विशेष न्यायालयानं २०१६ मध्ये त्याच्यासह १२ जणांना दोषी ठरवलं; काहींची सुटकाही झाली.

जप्ती मे २००६ ची, निकाल दहा वर्षांनी. मधला सगळा काळ पुरावा टिकवण्याचा. पंचांसमक्ष प्रत्येक वस्तू मोजायची, वेगळी बांधायची, लाखेची मोहोर लावायची, लेबलवर पंचांच्या सह्या घ्यायच्या, मुद्देमाल नोंदवहीत चढवायची, प्रयोगशाळेकडे पाठवायची. मोहोर फुटलेली निघाली किंवा पंचनाम्यातली वेळ चुकली, तर बचावाचा वकील नेमकं तिथंच बोट ठेवतो, आणि ते त्याचं कामच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही बंधनकारक केलं आहे.

तपास चुकला तर काय होतं, तेही चांदवडच्याच जिल्ह्यात दिसलं. २००६ मध्येच, ८ सप्टेंबरला, मालेगावात बॉम्बस्फोट झाले. नऊ मुस्लिम तरुणांना अटक झाली. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेला त्यांच्याविरुद्ध पुरावा आढळला नाही आणि २०१६ मध्ये न्यायालयानं त्यांना दोषमुक्त केलं. त्यांची कितीतरी वर्षं तुरुंगात गेली होती. ती कुणी परत देऊ शकत नाही.

चांदवडची गाडी खबरीमुळे सापडली. पोलिसांपर्यंत खबर पोहोचवणारा माणूस जिवाची जोखीम घेतो. आपण बोललो तर खरा गुन्हेगारच धरला जाईल, एवढा भरवसा त्याला हवा. असा भरवसा गल्लीबोळात जपणं हा सीमेच्या रक्षणाचाच भाग आहे. शेजारच्या देशातून आलेलं हत्यार बंदोबस्तानं अडवता येतं. ते इथं उतरवून घेणारे हात ओळखायला मात्र आपलीच माणसं आपल्या बाजूनं उभी असावी लागतात. म्हणून निरपराधाला सोडून देणारा काटेकोर तपास हीच या लढाईतली सर्वांत मोठी ताकद, असं मी मानतो.