कच्च्या दुधाला बंदी नको, शिस्त हवी

मलकापुरात दूध दोन वाटांनी घरात येतं. डेअरीला घातलेलं दूध फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) लावून दूध संघाकडे जातं आणि पाश्चराइज होऊन पिशवीतून परत येतं. रतिबाचं दूध किटलीतून थेट दारात. हे कच्चं दूध विकायला आपल्याकडे बंदी नाही. स्कॉटलंडने ती १९८३ मध्ये घातली. अमेरिकेत १९८७ पासून पिण्याचं कच्चं दूध एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकता येत नाही.

आपल्याला आजवर तारलं ते घरच्या चुलीनं. पाश्चरायझेशन म्हणजे ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद. आपण तर दूध उतू जाईपर्यंत तापवतो. पण कोल्हापूरला धारोष्ण दुधाचा शौक आहे. गंगावेशच्या कट्ट्यावर म्हैस समोर उभी, धार समोर काढलेली आणि पेला तिथंच रिकामा. पाणी मिसळायला वाव नाही, म्हणून गिऱ्हाईक निर्धास्त असतं. भेसळीपुरता हा विश्वास खरा आहे. रोग मात्र कासेतूनही येतो.

त्यातला एक ब्रुसेलोसिस. म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडते, वार अडकते. उघड्या हातानं वार काढणाऱ्याला आणि तिचं दूध न तापवता पिणाऱ्याला हा रोग होऊ शकतो. येऊन-जाऊन ताप, घाम, सांधेदुखी अशी लक्षणं असल्यानं तो लवकर ओळखू येत नाही. म्हैस मात्र वरून धडधाकट दिसू शकते. तपासणी केल्याशिवाय कळत नाही.

अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, लागू झाला ५ ऑगस्ट २०११ पासून. सगळं दूध सहकारी संस्थेला घालणाऱ्या सभासदाला त्यात नोंदणीची सूट आहे. रतीब घालणाऱ्याला नाही. पण नोंदणीचा कागद गोठ्यापर्यंत पोहोचला नाही, तर त्याचा उपयोग काय?

म्हणून तीन गोष्टी हव्यात. रतिबाच्या आणि कट्ट्यावरच्या जनावरांची ठरावीक काळानं ब्रुसेलोसिस आणि क्षयाची तपासणी. चार ते आठ महिन्यांच्या प्रत्येक रेडीला आणि कालवडीला ब्रुसेलाची लस; २०१९ पासून केंद्राचा कार्यक्रम त्यासाठी आहे. आणि कट्ट्यावर ठळक पाटी: लहान मुलं, गरोदर बाया आणि आजारी माणसांनी दूध उकळूनच प्यावं.

तपासणीत दोषी ठरलेली म्हैस बाजूला काढायची, तर गवळ्याचा संसार उघड्यावर पडतो. भरपाई नसेल तर तो तपासणीच टाळेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. आज दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो, निरोगी गोठ्याला वेगळा पैसा मिळत नाही. तपासलेल्या म्हशीच्या दुधाला लिटरमागे चार पैसे जास्त द्यायला गिऱ्हाईक आणि सरकार तयार झालं, तर गवळी स्वतःहून डॉक्टरला गोठ्यात बोलावेल.