मशीन लहान म्हणून घड्याळ पातळ?

चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ जाडजूड दिसलं की 'आतलं मशीन मोठं असणार' असं सर्रास म्हटलं जातं. हा गैरसमज आहे. मशीनचा व्यास आणि जाडी ही दोन स्वतंत्र मापं आहेत. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. स्वित्झर्लंडच्या ईटीए कंपनीचीच मशीन्स पाहा. खिशातल्या घड्याळांच्या घराण्यातलं, चावीचं ६४९७ हे मशीन ३६.६ मिलिमीटर व्यासाचं आणि ४.५ मिलिमीटर जाडीचं आहे. ऑटोमॅटिक २८२४ चा व्यास २५.६, तरी जाडी ४.६. म्हणजे अकरा मिलिमीटरनं रुंद असलेलं मशीनच किंचित पातळ निघालं. यावर कुणी म्हणेल, एक चावीचं आणि दुसरं ऑटोमॅटिक, ही तुलना बरोबरीची नाही. आक्षेप रास्त आहे, कारण फिरता रोटर आणि त्याची चक्रं जाडीत भर घालतातच. मग २८९२ घ्या. तेही ऑटोमॅटिक, व्यासही २५.६, पण जाडी ३.६. इथे फरक पाडला तो केवळ रचनेनं.

जाडी ठरते ती भाग किती थरांत बसवले आहेत त्यावरून. जागा रुंद असेल तर चक्रं शेजारी-शेजारी मांडता येतात, अरुंद असेल तर एकावर एक चढवावी लागतात. जेजर-लकूल्टर कंपनीचं १९२९ मधलं 'कॅलिबर १०१' जेमतेम १४ मिलिमीटर लांब आणि ४.८ मिलिमीटर रुंद, पण दोन थरांत रचलेलं असल्यानं ३.४ मिलिमीटर जाड. उलट पियाजेच्या १९५७ मधल्या '९पी' या मशीनचा व्यास २० मिलिमीटरहून जास्त आणि जाडी फक्त २. याच कंपनीनं २०१८ मध्ये दाखवलेलं 'अल्टिप्लानो अल्टिमेट कन्सेप्ट' हे अख्खं घड्याळच २ मिलिमीटरचं होतं, तेही ४१ मिलिमीटर व्यासाचं. त्यात घड्याळाचं मागचं झाकण हाच मशीनचा पाया केला होता आणि काच अवघी ०.२ मिलिमीटरची होती.

दुसरा गैरसमज असा, की मशीन पातळ असलं म्हणजे घड्याळही पातळ असणारच. मशीनवर डायल, काट्यांना फिरायला मोकळी जागा आणि काच येते, खाली झाकण येतं. पाणबुड्यांच्या घड्याळात काच आणि झाकण पाण्याचा दाब सोसतील इतकी भक्कम लागतात. त्यामुळे तेच २८२४ साध्या घड्याळात असलं तर ते सडपातळ दिसतं आणि पाणबुड्याच्या घड्याळात असलं तर चांगलंच जाड. मग स्टॉपवॉच असलेली घड्याळं बहुधा जाड का असतात? ईटीएच्या ७७५० मध्ये वेळ मोजण्याची यंत्रणा मूळ मशीनवर आणखी एक थर चढवते, म्हणून जाडी ७.९ मिलिमीटरवर जाते. ही वाढीव कामाची किंमत आहे, व्यासाची नव्हे.

पातळपणा हा दर्जाचा पुरावाही नाही. भाग जितके पातळ आणि जवळ, तितकी जुळणी नाजूक आणि दुरुस्ती अवघड. म्हणून घड्याळ घेताना मशीनचा व्यास विचारून थांबू नका. मशीनची जाडी, केसची एकूण जाडी आणि पाणी सोसण्याची क्षमता ही तिन्ही मापं वेगवेगळी विचारा, आणि रोज वापरायचं असेल तर एखादा मिलिमीटर जास्त असला तरी खुशाल घ्या.